थावराची न मोजलेली धाव

१२ जानेवारी, सोमवार
सकाळी पुसेगावच्या शंकरपटाचे, बैलजोड्यांच्या शर्यतीचे, लोक घरी. यंदा पट मोठा करणार. शिवाय जुन्या धुरकऱ्यांत लोकांचा सगळ्यात लाडका कोण, त्याचा सत्कार. चिठ्ठ्या टाकून मत. "मास्तर, तुमी इतकी वर्सं घड्याळ धरलं. नावं कोनती ठेवायची, तुमीच सांगा."
न अडखळता दोन सांगितली. कुरुंद्याचे दत्तराव, तांड्यावरचा थावरा. बाकीचे छकडा हाकायचे, हे दोघं पळवायचे.
दत्तराव आमचे व्याही, म्हणून मी त्यांचं नाव घेतलं असं सौ.ला वाटलं. तसं नाही. गुलाबी फेटा, छकड्यावर सरळ उभे, एक हात मिशीवर. नुसतं त्यांना बघायला माणसं यायची. थावरा उलटा. वाकलेला, फाटकी बंडी, हातात ना चाबूक ना काठी. बैलांशी तांड्याच्या बोलीत काहीतरी बोलायचा, बस्स.
माझं मत कुणाला, ते सांगायचं नाही. घड्याळवाल्याला आवडता नसतो.
(होता. अजून आहे.)

१४ जाने., बुध.
संक्रांत. तिळगूळ खाल्ला, मनाला गोड लागेना. शाळेचं जुनं स्टॉपवॉच काढलं, निवृत्तीच्या दिवशी हेडमास्तरांनी हातात दिलेलं. चावी दिली, पळतं.
तीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. आज लिहूनच टाकतो. त्या वर्षीच्या पटाची शेवटची फेरी. दत्तरावांचा आकडा फळ्यावर लागला होता. मग थावरा सुटला. निशाण पडलं, मी कळ दाबली, आणि पाहतच राहिलो. बैलांचे पाय जमिनीला लागताना दिसलेच नाहीत. जोडी रेषा ओलांडून बाभळीपाशी जाऊन थांबली, तेव्हा मला माझा अंगठा आठवला, तेव्हा कुठं घड्याळ थांबवलं.
घड्याळात दिसला तो आकडा ओरडून सांगितला. थावरा दुसरा. ढाल दत्तरावांना.
पुढं आमची लेक त्याच घरात दिली. ढाल बैठकीत भिंतीवर. दर दिवाळीला तिच्याखाली बसतो, चहा अर्धा कपातच राहतो. लेक म्हणते, बाबा, साखर तपासा.

१८ जाने., रवि.
बुद्धविहारातून परस्पर तांड्यावर. थावरा अंगणात तूर पाखडून राहिला होता. वय झालं, पण पाठ तेव्हाही वाकलेलीच, त्यामुळे फरक कळत नाही. एका दमात सगळं सांगितलं, कान पकडले.
तो हसायला लागला. सूप खाली ठेवावं लागलं त्याला.
"मला ठाव हाय, मास्तर."
"काय ठाव आहे?"
"तवाच पाहिलं मी. सारा पट वरडून राहिला होता आन् तुमी एकलेच गप. तोंड ह्ये एवढं उघडं. म्हनलं, मास्तरला आवडली आपली धाव."
"मग बोलला काहून नाहीस?"
"ढाली लई भेटल्या. तसं तोंड कुनाचं न्हाई भेटलं."
परत येताना जीपमध्ये मी एकटाच हसत होतो. शेजारची बाई सरकून बसली. तीस वर्षांचं ओझं उतरलं. अर्धं.

२५ जाने., रवि.
उरलेलं अर्धं कुरुंद्याला. हळद काढणी चालू, दत्तराव वावरातून आले, पाय धुतले, ऐकून घेतलं. उठले, भिंतीवरची ढाल काढली, माझ्या मांडीवर ठेवली. लेक दारात उभी, माझ्याकडे अशी बघतेय की मीच लहान.
फाटकापर्यंत आलो तर मागून हाक. "व्याही! जोडी माझी, छकडा माझा. दोघंबी त्याच जोडीवर पळू. इचारा त्याला, येतो का. घड्याळ तुमीच धरायचं."
"या वयात?"
"वय बैलाचं बघतेत, धुरकऱ्याचं न्हाई."
ढाल पिशवीत घालून एसटीनं आणली. फार जड निघाली.

२८ जाने., बुध.
थावरा 'हो' म्हणाला. पटवाले खूश, त्यांनी गावोगाव सांगून टाकलं.
सौ. माझा सराव घेते. स्वतः उंबऱ्यापासून नळापर्यंत चालते, नळाला हात लावते आणि ओरडते, "दाबा!" आज सातदा दाबलं, सातही बराबर. "मला बघून काही तोंड उघडं राहत नाही तुमचं," म्हणाली. चहा मीच केला.

१ फेब्रु., रवि.
पट झाला.
आधी दत्तराव. फेटा तोच, मिशी पांढरी. उभेच राहिले शेवटपर्यंत. अंगठा बराबर, आकडा फळ्यावर. माणसं वेडी झाली. जोडीला सावलीत दम खाऊ दिला, पाणी पाजलं, मग थावरा. बैल परके, त्यांना तांड्याची बोली काय कळणार म्हणून मी धास्तावलेला. तो त्यांच्या कानाशी गेला, काहीतरी बोलला. निशाण पडलं. कळ दाबली.
त्यानंतरचं मला काय लिहावं कळत नाही. तसेच. अगदी तसेच पाय.
जोडी पार पुढं जाऊन थांबली. थावरानं मागं वळून माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि छकड्यावरच बसून हसायला लागला. घड्याळ माझ्या मुठीत पळत होतं.
दत्तराव तरातरा आले. "किती?"
मी मूठ उघडली. त्यांनी पाहिलं. मला वाटलं आता सोयरीक तुटली.
फेटा काढून घाम पुसला. "तुमाला काय म्हनू," म्हणाले, "मीबी फळ्याकडं न्हाई, जोडीकडंच बघून राहिलो होतो."
गर्दी इतकी उसळली की चिठ्ठ्यांची पेटी उघडायची राहिली. उद्या मोजणार आहेत. माझीही चिठ्ठी आहे तिच्यात.
ढाल दोघांपैकी कुणी घेईना. पुढच्या पटाला परत पळायचं म्हणतात, तोवर मास्तरकडं. सौ.नं ती पुसून टीव्हीशेजारी ठेवली. घड्याळ पुन्हा मीच धरायचं आहे. थावरा पळणार असेल तर मला भरवसा देता येत नाही.