लाल कॅलिपर, सुलटी अक्षरं

१८ एप्रिल २०१०, रविवार

रुचीच्या लग्नाला अठ्ठावीस दिवस राहिले. आज साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, पन्नास माणसांसमोर जाहीर करून टाकलं: माझी धाकटी बहीण सासरी जाईल ती माझ्या एस्टीम कारमधून, आणि गाडी मी स्वतः चालवीन. नवरदेवाकडचे खूश. त्यांचं घर दरेकसाला, कार नाही. हसले ते फक्त लोकेंद्र जिजाजी, सोनिकाताईचे यजमान. म्हणाले, मास्तर, तिकडे डोंगराचा रस्ता हाय, आपली बोलेरो हाय न, कायले टेंशन घेता? ज्या बोलेरोत सकाळी धानाचे कट्टे-पोती आणि संध्याकाळी पाहुणे भरतात, तिच्यात माझी बहीण? हा माणूस माझ्या वर्गात नव्हता म्हणून बारावी पास झाला. फिजिक्स मी शिकवतो. कृपेने पास करणं मला जमत नाही.

पण मुद्दा बरोबर आहे. उतार आहे. ब्रेक बदलायचे.

२१ एप्रिल

इंटरनेटवर दिल्लीचं दुकान सापडलं. लाल रंगाचे कॅलिपर, चार-चार पिस्टनचे. कॅलिपर म्हणजे चाकाची डिस्क दोन्हीकडून दाबणारा भाग. गोंदियात हे कोणालाच सांगून उपयोग नाही, म्हणून इथे लिहिलं. ऑर्डर दिली.

२९ एप्रिल

पार्सल आलं. काय चीज आहे! लालभडक, आणि त्यावर इंग्रजीत पांढऱ्या ठळक अक्षरांत RACING. अलॉय व्हीलच्या फटींतून लांबून वाचता येईल. दुर्गेश्वरीने विचारलं, हे आहेरात द्याचं हाय का. बायकोला यातलं काही सांगायचं नाही असा संकल्प.

चुलतभाऊ छोटेलालला त्याचं काम समजावून दिलं. बिदाईच्या गाडीला नवरीच्या भावाने मागून धक्का मारायचा असतो. मी स्टीअरिंगवर असणार, म्हणून धक्का त्याच्याकडे. हात धुवून मार, डिकीवर बोटं उठतात, असं बजावलं. त्याला एवढं जमेल.

२ मे, रविवार

चैतराम मिस्त्रीकडून फिटिंग. सातवी नापास. कॅलिपर हातात घेऊन भोपळा फिरवतात तसा फिरवून पाहिला, मग कामाला लागला. अर्धा दिवस घेतला. ट्रायलला पेडलवर पाय ठेवला आणि गाडी जागच्या जागी उभी, माझा चष्मा डॅशबोर्डवर. माल उत्तम आहे. चैतरामचं यात काही नाही.

संध्याकाळी गाडी धुताना पाहिलं. दोन्ही बाजूंची अक्षरं उलटी! RACING डोक्यावर उभं. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्याच्या हाती गाडी दिली, चूक माझीच.

३ मे

चैतरामला फोन केला. म्हणतो, सर, हवा काढाची निप्पल वरच्या अंगाले पाहिजे, म्हणून असेच लावले. अक्षरं वाचून गाडी थांबते का? मला! बारा वर्षं मी पास्कलचा नियम शिकवून राहिलो, आणि हा मला हवा शिकवतो. साधा तर्क आहे: कोणता कारखानदार स्वतःचं अक्षर उलटं छापेल? म्हणजे अक्षर सुलटं दिसेल तीच बाजू बरोबर. डावा कॅलिपर उजवीकडे, उजवा डावीकडे. तो म्हणाला, मी नाही करत, तुमचं तुम्ही पाहा. पाहणारच.

४ मे, दुपार

स्वतः बदलले. चार तास. हाताची दोन सालटं गेली, पण अक्षरं सुलटी. मग ब्रेकच्या तेलाच्या पाइपातली हवा काढायला दुर्गेश्वरीला पेडलवर बसवलं. दाब म्हटलं की सोडायची, सोड म्हटलं की दाबायची. मध्येच ओरडून विचारलं, आणखी किती येळ, भाजी करपून राहिली. अशा सहकाऱ्यांवर संशोधन चालत नाही.

पेडल जरा मऊ लागतं. ते मऊच असतं. रेसिंगच्या गाड्यांत पाय नाजूक लागतो.

७ मे

पेडल तीनदा दाबलं की ब्रेक एकदम मस्त लागतो. पहिल्यांदा काही नाही, दुसऱ्यांदा थोडा, तिसऱ्यांदा पूर्ण. सवयीचा प्रश्न आहे.

आमचे वडील, बाबूजी, शेतातून आले, दोन मिनिटं चाकापाशी बसले. म्हणाले, हेमेंद्र, मोटारपंपात हवा धरली का वरचा नट खोलतेत. खालचा खोलला त पाणीच जाते, हवा तशीच राहते. तुहा नट खाली काऊन हाय? बाबूजींचं वय झालं. धानाच्या बांधीतलं ज्ञान कारला लावतात. मी नम्रपणे हसलो.

११ मे

शेजारचा हिरालाल गाडी पाहून गेला. अक्षरं वाचली. त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट जळफळाट. समाधान वाटलं. लग्नानंतर एक लेख लिहायचा: ‘ग्रामीण भागात आधुनिक ब्रेकिंग’.

१३ मे, गुरुवार

लिहू की नको. थोडक्यात लिहितो.

मांडव घातला आहे, घर पाहुण्यांनी भरलं आहे. रुचीला म्हटलं, चल, शालू नेसून कसं बसायचं ते बघ, एक चक्कर मारून येऊ. मागच्या सीटवर बसली. चक्कर झकास झाली. परत येताना रस्त्यावरून अंगणात उतरलो. तो उतार म्हणजे काय, मूलसुद्धा तीनचाकी घेऊन उतरतं. पेडल दाबलं. दुसऱ्यांदा दाबलं. तिसरी वेळ यायच्या आधी मांडवाचा एक बांबू गेला, त्याच्यामागे मांडवावरच्या जांभळीच्या फांद्या बॉनेटवर आल्या, आणि गाडी तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगात शिरून थांबली.

कोणाला लागलं नाही. तणस चांगलं रचलेलं होतं. चुलते बकारामजी म्हणाले, ढीग कालच येथं हलवला, नाही त पुढे विहीर हाय.

उतार चुकीचा बांधलाय. दहा वेळा सांगितलं आहे.

१४ मे

लोकेंद्र जिजाजींनी कान भरले. दुसरं काय? सकाळी बाबूजींनी सांगितलं की बिदाईला बोलेरो येईल, ठरलं. मी विचारलं, कोणी ठरवलं? ते तंबाखू मळत राहिले. कट्टे वाहणारा माणूस जिंकला, शिकलेला हरला, हेच चालतं या जिल्ह्यात. मी लग्नात बोलणार नाही कोणाशी. जेवणार, पण बोलणार नाही.

रुची काल उतरली तेव्हापासून माझ्याकडे आली नाही. कामात असेल.

१७ मे, सोमवार

काल लग्न झालं. आज सकाळी बिदाई.

जिजाजींनी बोलेरोला झेंडूच्या माळा लावल्या होत्या. चाकाखाली नारळ ठेवला. रुची एकेकाच्या गळ्यात पडून रडत होती. माझ्यापाशी आली. मी मान फिरवून उभा होतो, राग दाखवायला. तिने माझा हात धरला. कानाशी म्हणाली, भाऊ, जिजाजीनं काही नाही म्हटलं. मीच बोलेरो मांगली. मले भेव वाटे. तू मागे वळून पाह्यलंच नाही त्या दिवशी, तू आधी उतरून अक्षरं पाहून राहिला होतास.

खरं आहे. मी आधी उतरून कॅलिपरला ओरखडा पडला का ते पाहिलं. ती आत होती. दार तिने स्वतः उघडलं. हे मी १३ तारखेला लिहिलं नाही. आज लिहितो. मला लाज वाटते.

मग कोणीतरी ओरडलं, नवरीचा भाऊ कोठी हाय, धक्का माराले या! छोटेलाल हात धुवून तयार उभा होता. बाबूजींनी त्याला बाजूला केलं, माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झालो. धक्का मारला. नारळ फुटला, गाडी निघाली. माझ्या दोन्ही तळव्यांना धानाचा कोंडा लागला होता. बराच वेळ मी तो झटकलाही नाही.

१८ मे

चैतरामकडे गेलो. चावी दिली. टोमणा न मारता त्याने सरळ जॅक लावला, ते जास्त झोंबलं. कॅलिपर काढले, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. निप्पल वर. गॅरेजच्या पोऱ्याला पेडलवर बसवून हवा काढली. पाहा म्हणाला. पहिल्याच दाबाला गाडी उभी.

RACING डोक्यावर उभं आहे. मी विचारलं, अक्षरं उलटी का छापली असतील? तो हात पुसत म्हणाला, छापणाऱ्यानं गाडीले लावून पाह्यलं नसन, सर.

२० मे, गुरुवार

रुचीला माहेरी आणायला उद्या भावाने जायचं आहे. गाडी धुतली, ब्रेक दहा वेळा तपासले. तिला फोन केला, सगळं सांगितलं. ब्रेक एकदम फर्स्ट क्लास, चैतरामने केले, मी हातही लावला नाही, हेही सांगितलं.

ती खूप आनंदली. म्हणाली, भाऊ, नक्की ये, मी वाट पाहून राहिली.

मग म्हणाली, ट्रेनने ये.

सकाळच्या पॅसेंजरने जातो. येताना आमची दोन तिकिटं.