जात्याचा मधला खिळा

मी तुळजाबाई ज्ञानोबा हांगे, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा घरकाम, शिक्षण तिसरी, मुक्काम सोनारी, तालुका परंडा, जिल्हा धाराशिव. डोकं ठिकाणावर आहे, कुणाचा दाब नाही, चष्मा तेवढा जुना आहे. माझ्या मागं काय करावं ते माझ्याच हातानं लिहून ठेवते.

१) घराचे वाटे पोरांनी आधीच केलेत. उगवतीचं थोरल्या गोरोबाचं, मावळतीचं धाकट्या अमरनाथचं. तेच कायम.

२) पितळी पातेलं शेजारच्या गौराबाईकडं आहे. लेकीच्या लग्नाला नेलं, त्या लेकीची पोरं आता शाळेत जातात. ते आणून माझ्या मुलीच्या मुलीला, राजेश्वरीला द्यावं.

३) जातं. वाटणीत पोरांनी त्याचेही वाटे केले. वरचा दगड गोरोबानं नेला, खालचा अमरनाथनं. म्या म्हटलं, "अरं, अर्ध्या जात्यावर काय दळता, डोकं?" दोघं म्हणाले, "गिरणी हाय की!" तेवढं एकच एका तोंडानं बोलले. आठ वर्षं झाली, दोघांत अबोला आहे. म्या उपास केले, रुसले, भैरवनाथाला नवस बोलले. काय न्हाय झालं. वरचा दगड ज्याच्याभोवती फिरतो तो मधला खिळा माझ्या डब्यात राहिला.

राजेश्वरी पुण्यात शिकते. लई हुशार! मला कळत काही नाही, पण ऐकूनच पोट भरतं. म्हणाली, "आजी, ग्रह-ताऱ्यांचा नियम एक, कणाहून बारक्या वस्तूंचा दुसरा. आपापल्या जागी दोन्ही खरे, पण एकत्र मांडले की गणित मोडतं." शंभर वर्षं मोठमोठी माणसं खपतायत म्हणे.

मी म्हटलं, "मधला खिळा हरवला असंल."

पोरगी हसली. "पण दगड एकाच जात्याचे आहेत हे कशावरून? सगळं एकाच नियमात बसावं हा आपलाच हट्ट असेल. हाच माझा अभ्यास."

मग पोरांना ठाऊक नाही ते तिला सांगितलं. आपल्याही जात्याचे दगड एका जोडीचे नाहीत. वरचा फुटला तेव्हा यजमानांनी जत्रेतून दुसरा आणला. वर्षभर भाकरीत कचकच. म्या रोज दळलं, रोज बोलणी खाल्ली, तेव्हा कुठं दगड घासून एकमेकांवर बसले. पोरगी म्हणाली, "आजी, हे लिहून घेऊ?" घे बाई! माझं बोलणं पुस्तकात!

पण बसायला दोन्ही दगड एका जागी यावे लागतात. ते माझ्यानं झालं नाही.

४) खिळा राजेश्वरीला द्यावा. पोरी, मामांना जोडत बसू नको, तुझं वय जाईल. दोघं मिळून मागायला आले तरच दे.

५) माझ्या तेराव्याचं दळण गिरणीतूनच आणावं. पण दोघांचे गहू एकाच डब्यात न्यावेत. तेवढं तरी.

मुक्काम सोनारी, १२ जानेवारी २०२५.
सही: तुळजाबाई ज्ञानोबा हांगे

साक्षीदार:
सिद्धाराम वाघमोडे (सही)
गौराबाई ठोंगे (अंगठा. पातेलं उद्या आणते म्हणाली.)