पुढच्या वर्षीची पहिली निवड

पासिर रिस, सिंगापूर
१७ सप्टेंबर २००६

तीर्थरूप दादांस,

धाकट्या दिलीपचा सविनय जयभीम. लीलावहिनींनाही जयभीम. गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलंय आणि त्यामुळे तुम्ही फक्त उतरता, असं तुम्ही मागच्या पत्रात लिहिलं होतं. मग वर कसे येता, ते लिहायचं राहिलं, तेवढं कळवावं. इकडे मी मजेत आहे. नीलिमा आणि निहारिका माझ्याशी बोलत नसल्यामुळे घरात शांतताही उत्तम आहे. कारण म्हणाल तर वहिनींचा भाचा सुगत. (हे वाक्य वहिनींना वाचून दाखवू नका.) पोराचा दोष नाही. दोष निम्मा अमेरिकेचा, थोडा तुमचा आणि उरलेला माझा. थोडक्यात सांगायचं तर आमची निहारिका पुढच्या वर्षी अवधूतच्या संघातून फुटबॉल खेळायची वेळ आली आहे, आणि ती वेळ तिच्या बापाने स्वतःच्या सहीनिशी आणली आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्या मंडळाची दर ऑगस्टला फुटबॉलची स्पर्धा असते. संघ तीन: बुओना व्हिस्टा, पाया लेबार आणि आम्ही पासिर रिस. खेळाडू पाच-पाच. आम्ही सलग सहा वर्षं तिसरे आलो. (तीन संघांत तिसरं येणं म्हणजे पदक, असं मी पहिल्या वर्षी घरी सांगितलं होतं. दुसऱ्या वर्षी कोणी ऐकलं नाही.) संघ निवडायची पद्धत अशी, की बुओना व्हिस्टाचा कप्तान अवधूत आधी निवडणार, कारण चेंडू त्याचा. मग सुचित्राताई पाया लेबारसाठी निवडणार, कारण हॉलची किल्ली त्यांच्याकडे. उरलेले सगळे आमचे. त्यांत एक गृहस्थ असे होते, की चेंडू आपल्या दिशेने आला की घड्याळात बघायचे.

अशात गेल्या डिसेंबरात एकदा प्रणव (बुओना व्हिस्टाला नोकरी, साहेब अमेरिकन) साहेबाकडून ऐकलेली एक गोष्ट सांगत आला. अमेरिकेतल्या धंदेवाईक फुटबॉलमध्ये (तो हाताने खेळतात, नावावर जाऊ नका) कॉलेजातून नवे खेळाडू आले की जो संघ गेल्या वर्षी सर्वांत शेवटी आला, त्याला पहिली निवड मिळते (या निवडीला ते ड्राफ्ट म्हणतात). अजिंक्य संघ सगळ्यांत शेवटी. दादा, मी हातातला चहा खाली ठेवला. अमेरिकेत! जिथे फुकट म्हणून कोणी कोणाला वाट सांगत नाही, तिथे शेवटच्याला पहिला मान, आणि तोही कायद्याने. यंदाच्या मे महिन्यात तिकडे आपल्याकडची डॉक्टर होऊ घातलेली मुलं राखीव जागा वाढणार म्हणून गुणवत्तेच्या काळजीने हातात झाडू घेऊन रस्त्यावर उतरली होती. (जन्मात पहिल्यांदाच झाडू धरला असावा, फोटोत उलटा दिसत होता.) तिकडे अमेरिकेत अजिंक्य संघ मुकाट्याने रांगेत शेवटी उभा राहतो, आणि गुणवत्तेला काही झाल्याचं ऐकिवात नाही. मला दोन दिवस नीट झोप लागली नाही. क्रीडा सचिव या नात्याने मी ठराव मांडला. चेंडू नवा आणू म्हटल्यावर अवधूतचा नाइलाज झाला.

पण खरा चमत्कार पुढेच आहे. या मुख्य ड्राफ्टनंतर एक पुरवणी ड्राफ्ट असतो. आपल्याकडे मार्चमध्ये गचकलेल्यांना ऑक्टोबर असतो ना, तसा. काही कारणाने ज्याचा मुख्य ड्राफ्ट हुकला, तो यात येतो. प्रत्येक संघ गुपचूप चिठ्ठीवर लिहून देतो, की या माणसासाठी आम्ही पुढच्या वर्षीची अमुक फेरीतली निवड सोडायला तयार आहोत. सर्वांत वरची फेरी लिहील, त्याला खेळाडू; पुढच्या वर्षी त्या फेरीत त्याने हात बांधून बसायचं. बघा तरी काय बुद्धी आहे! समोर उभा असलेला माणूस एका पारड्यात, आणि अजून कोणी न पाहिलेला, म्हणूनच सर्वगुणसंपन्न असा पुढच्या वर्षीचा माणूस दुसऱ्या पारड्यात. लोक म्हणे समोरच्याला नेहमी कमीच तोलतात. हे ऐकल्यावर मी ठरवलं, की ही चूक आपण करायची नाही.

जूनमध्ये सुगत आला. विद्यापीठात संशोधनाला म्हणून फेब्रुवारीतच यायचा, पण पास (इथे राहायचा परवाना) उशिरा झाला आणि मुख्य ड्राफ्ट हुकला. त्याच आठवड्यात तुमचं पत्र आलं, की सुगत चार वर्षं नागपूरच्या विद्यापीठ संघात होता. उंची सहा फूट. विमानतळावर त्याने दोन बॅगा एकदम उचलल्या तेव्हाच मी मनात गणित मांडलं. पुरवणीचा नियम मीच घातलेला, चिठ्ठ्याही मीच वाटल्या. माझ्या चिठ्ठीवर लिहिलं: पहिली फेरी. मग चिठ्ठ्या सर्वांसमोर उघडल्या. सुचित्राताईंनी पाचवी फेरी लिहिली होती. (पाचव्या फेरीत मिळतात ते घड्याळवाले गृहस्थ.) अवधूतने कोरी चिठ्ठी दिली होती. म्हणजे जो पाचव्या फेरीतच मिळाला असता, तो मी पहिलीत घेतला. सुगत तेव्हा माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "काका, मी चार वर्षं संघात होतो, पण बदली गोलकीपर. मैदानात एकदाही उतरलो नाही." मी विचारलं, आधी का नाही सांगितलंस? तर म्हणाला, तुम्ही इतक्या आनंदात होता.

ऑगस्टमध्ये सामने झाले. पहिला आम्ही नऊ-शून्य हरलो, दुसरा सहा-एक. तो एक गोल पाया लेबारच्याच माणसाने स्वतःच्या संघावर केला, तरी आम्ही त्याला उचलून घेतलं. सुगत भला मुलगा आहे. पायाशी चेंडू आला की तो जवळच्या माणसाला देतो. संघभेद मानत नाही. कोणाला धक्का लागला तर थांबून विचारपूस करतो, तेवढ्यात गोल होतो.

आणि तेव्हा मला त्या पुरवणी ड्राफ्टची खरी खोली दिसली. आम्ही शेवटी आलो, म्हणजे पुढच्या वर्षीची अगदी पहिली निवड आमची. आणि नेमकी तीच मी सुगतपायी दिलेली. सुगत जितका वाईट खेळला, तितका आमचा नंबर खाली गेला. नंबर जितका खाली, तितकी ती निवड मोलाची. म्हणजे तितकाच तो आम्हाला महाग पडला. माल जितका वाईट, तितकी त्याची किंमत आपोआप चढते असा दुसरा बाजार माझ्या पाहण्यात नाही. मी हे कौतुकाने नीलिमाला समजावून सांगत होतो, तर ती म्हणाली, "निहारिका जानेवारीत पंधरा पुरी करते. फेब्रुवारीत तिचं नाव पहिल्यांदा ड्राफ्टमध्ये येईल. तिला कोण घेणार?"

दादा, हे माझ्या गणितातच नव्हतं. पोर शाळेच्या संघात फॉरवर्ड आहे, सबंध मंडळात तिच्या तोडीचं कोणी नाही. यंदा पाया लेबार अजिंक्य, अवधूत दुसरा; म्हणून आता पहिली निवड अवधूतकडे सरकणार. त्याने परवा MRTमध्ये (इथल्या लोकलमध्ये) निहारिकेच्या बुटांचं माप विचारलं.

असो. वहिनींना सांगा, सुगत रविवारी जेवायला येतो, नीट जेवतो.

तुमचा,
दिलीप

ता. क. एक बारीकसं काम होतं. निहारिकेचा जन्म नागपूरचा, २८ जानेवारीचा. तारीख एक महिना पुढची निघाली, तर ती येत्या ड्राफ्टमध्ये न येता त्याच्या पुढच्या वर्षीच्यात येईल, जेव्हा आमची पहिली निवड परत आमच्याकडे असेल. दाखल्यात लिहिणाऱ्याची काही चूक झाली आहे का, एवढंच कचेरीत जाऊन बघाल का? तुम्हाआम्हा दोघांनाही गुरुजींनी एक जूनलाच जन्माला घातलं होतं, त्याने आपलं काय बिघडलं?

ता. क. २. कचेरीत जाऊ नका. वरचा ता. क. नीलिमाने वाचला. जन्माच्या वेळी ती स्वतः हजर होती आणि तिला तारीख आठवते, असं तिने कळवायला सांगितलं आहे.

ता. क. ३. पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. निहारिका आज पंधरा दिवसांनी बोलली. म्हणाली, "बाबा, यू नेव्हर रीड युअर ओन रूल्स, इज इट?" तिने ते वाचलेत. नाव नोंदवायचा फॉर्म ती मुदतीत देणारच नाही. मग नियमाप्रमाणे तिचं नाव जूनच्या पुरवणीत येणार. तिथे अवधूतने पहिली फेरी लिहिली आणि मीही लिहिली, तर बरोबरीत खेळाडू खालच्या संघाला. आमच्याखाली कोणी नाही. दादा, मी हे नियम रात्र-रात्र बसून मराठीत आणले, आणि जिला मराठी वाचताना बोट ठेवावं लागतं तिने त्यातली वाट काढली. नंतर मी एवढंच विचारलं, की अवधूत तर कोऱ्या चिठ्ठ्या देणारा माणूस. मग तिसरी फेरी लिहून भागणार नाही का? प्रश्न निव्वळ गणिताचा होता. पण त्यानंतर घरात जे झालं, ते पत्रात मावणार नाही. जूनला नऊ महिने आहेत, तरी माझी चिठ्ठी आजच लिहून झाली आहे. 'पहिली फेरी' असं नीलिमाने सांगितलं, मी लिहिलं, निहारिकेने बोट ठेवून वाचलं, आणि पाकीट चिकटवून नीलिमाच्या कपाटात कुलपात ठेवलं आहे.