माय, आता मासोळी खा

नागपूर, मंगळवार

तीर्थरूप माय,

इथूनच पाया पडतो. फोनवर तू नुसती रडतेस, म्हणून लिहून राहिलो. रीना वहिनी वाचून दाखवेल.

प्रवेश झाला, माय! इंजिनिअरिंगले, आयटीत. डिप्लोमा चांगल्या मार्कांनी पास झालो, म्हणून थेट दुसऱ्या वर्षात घेतलं. डिप्लोम्याच्या आधीचं कॉलेज अर्ध्यात सोडून आलो तेव्हा बाबा म्हणाले होते, "याच्या डोक्यात बाराही महिने वैशाख आहे." त्यांले सांग, थोडं ऊन उतरलं.

खोली बरी आहे. मेसच्या वरणात डाळ शोधावी लागते, पण पोटभर जेवतो. गणिताची जराशी धास्ती आहे. वर्गातली पोरं मले "डिप्लोमावाला" म्हणतात. परवा एकाची कॉलर धरणारच होतो, तुझी आठवण आली अन् हात खिशात घातला.

वहिनी, एवढं मोठ्यानं वाचू नको. जिच्यापायी भांडून कॉलेज सोडलं, त्या रुचिकाले पाहायले पाहुणे येऊन राहिले का? तिले सांगजो, अजून थोडी थांब.

बाबांचा खोकला कसा आहे? धरणाचं पाणी चढलं का?

माय, मी कॉलेज सोडलं त्या दिवशी तू मासोळी सोडलीस. पोरगा मोठ्या कॉलेजात जाईल तेव्हाच खाईन म्हणालीस. बाजारात लोकांले विकत राहिलीस अन् घरी चटणीभात खाल्लास. या शनिवारी सगळ्यात मोठा रोहू विकू नको, रस्सा कर. पहिला घास घेतलास की वहिनीले फोन करायले लाव. त्या दिवशी तोवर मी इथं जेवत नाही.

तुझाच तापट,
चंदू