बाबांनी पुढे ढकललेली मॅच

विस्कॉन्सिन, फेब्रुवारी २००८

ती. मृणालिनीताईस,
कृष्णाचा गारठलेला सा. न.

तुझा गुडघा कसा आहे? तिकडे टेक्सासात, प्लेनोच्या उन्हात तरी तो वाकत असेल अशी आशा करतो. इथे आमचं सगळंच गोठलंय, मला धरून. खरं तर फोनच करणार होतो, पण तुझ्याकडे फोन बाबा उचलतात आणि माझा आवाज ऐकला की "राँग नंबर" म्हणून ठेवून देतात. म्हणून हे पत्र, तेही तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर.

बाबा एवढ्या घाईनं तुझ्याकडे का आले, हे त्यांनी सांगितलं नसेलच. (थंडी मानवेना म्हणाले असतील. थंडी त्यांना माझ्यापेक्षा जास्त मानवली होती.) त्याचं असं झालं, आमच्या शेजारचे डेनिस दर रविवारी त्यांना टीव्हीवर फुटबॉल बघायला बोलवायचे. आपला फुटबॉल नव्हे, इथला, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर पडायचा. नागपुरात जन्मभर क्लब क्रिकेटचं अंपायरिंग केलेल्या माणसाला आधी ती मारामारीच वाटली, पण दिवाळीपर्यंत ते टीव्हीतल्या पंचांच्या चुका काढायला लागले. मग मीच हौसेनं जानेवारीतल्या मॅचची दोन तिकिटं काढली.

नेमका त्याच आठवड्यात पारा उणे वीसच्या खाली गेला. शाळा बंद, मंडळाचं हळदीकुंकू कॅन्सल, मॅच मात्र ठरल्या वेळी. बाबांना हे अजिबात पटेना. "अरे, उजेड कमी झाला तरी आम्ही खेळ थांबवायचो! इथे माणसं गोठतील, त्याचं काहीच नाही?" असं म्हणून त्यांनी थेट स्टेडियमला फोन लावला आणि आपल्या खणखणीत इंग्रजीत मॅच पुढे ढकलण्याची विनंती केली. तिकडच्या बाईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि भरपूर कपडे घालून या, असं सांगितलं. बाबा म्हणाले, "ठीक आहे, जाऊ. निर्णय चुकीचा असला तरी मैदान सोडायचं नसतं."

तुझ्या भावजयीनं, आश्लेषानं, मला स्वयंपाकघरात गाठलं. "त्यांच्या हार्टच्या ऑपरेशनला वर्षही झालं नाही. तूच सांग त्यांना."

मी सांगितलं. फक्त वेगळंच सांगितलं. "बाबा, मॅच पुढे ढकलली," म्हणालो. वाटलं, थोडे हिरमुसतील. पण हा माणूस खुर्चीतून उठून उभाच राहिला! आपल्या फोनमुळेच हे झालं, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. ताबडतोब नागपूरला नीलांबरीआत्याला फोन गेला, आणि आत्यानं तिकडे पेढे वाटले. (तुलाही फोन आला होता ना? तू "काँग्रॅच्युलेशन्स" म्हणालीस, ते मला ऐकू आलं होतं.) मी टीव्हीची केबल काढली, बर्फानं लाइन गेली म्हणालो, आणि तिकिटं गुपचूप डेनिसना दिली.

मॅच संपल्यावर डेनिस लालबुंद नाकानं सरळ दारात. "काय मॅच झाली! तिकिटांबद्दल थँक यू!"

बाबांनी त्यांना आत बोलावलं, चहा दिला, स्कोअर विचारला, शेवटचे डाव नीट समजून घेतले. ते गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाही म्हणायचं होतंस. भांडलो असतो आपण. लहान पोराला गुंडाळतात तसं गुंडाळलंस मला." आणि बॅग भरायला गेले.

एवढ्या थंडीत मॅच पुढे ढकलायलाच हवी, हे माझं मत अजून कायम आहे. पण ताई, त्या स्टेडियमवाल्यांनी निदान बाबांना तोंडावर खरं सांगितलं. मला तेवढंही जमलं नाही. डेनिस अजून रविवारी बेल वाजवतात, "युवर डॅड?" विचारतात, आणि मी काहीतरी पुटपुटतो.

भावजींना नमस्कार.

तुझा,
कृष्णा

ता. क. : बाबांचं परतीचं विमान तुझ्याकडूनच आहे, म्हणजे आता ते इथे काही येत नाहीत. तेव्हा शनिवारी मीच येतोय. फक्त बाबांना आधी कळू देऊ नकोस, नाहीतर ते घराबाहेर निघून जातील. ऑफिसची मैत्रीण येतेय, असं काहीतरी सांग.

ता. क. २ : वरचं वाचू नकोस. मी येतोय म्हणून सांग त्यांना. निघून गेले तर जाऊ देत, मी दारात बसून राहीन.