थोरल्याच्या गळ्यातला पट्टा

आप्पा, आज सकाळी फिरताना एक कुत्रा मागच्या पायानं गळपट्टा खाजवत बसलेला दिसला, आणि जे इतकी वर्षं डायरीतही लिहिलं नाही ते लिहायला बसले.

मेंढरं विकून आपण ऊस लावला, तरी थंडीत दिवस उगवायच्या आत तुम्ही थोरला नि धाकटी या दोन्ही कुत्र्यांना घेऊन न्हावऱ्याच्या अलीकडच्या वनखात्याच्या रानात जायचात. कॉलेजच्या सुट्टीत मीही मागे. आई चुलीपाशी कुत्र्यांची भाकरी मोडता मोडता म्हणायची, "दारात एक मेंढरू न्हाई, आन् राखाया कुनाला निघालाय?" तुमचं उत्तर ठरलेलं. "मेंढरं इकली ते कुत्र्यास्नी कुठं म्हाईत हाय? त्यांची फेरी चुकवून कसं चालंल?"

निघताना उंबऱ्याशी बसून तुम्ही दोघांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधायचात. लांडगा मानेलाच धरतो म्हणून. त्या डिसेंबरात थोरल्याची मान पट्ट्यानं सोलवटली होती. मला ते बघवेना. रानात धुकं होतं, तुम्ही दातवणाला लिंबाची काडी मोडत पाठमोरे उभे होतात. मी बक्कल सोडलं आणि पट्टा शालीखाली धरला. थोरल्यानं अंग झाडलं, माझा हात चाटला आणि बाभळीत पळाला. पुढं काय झालं ते आपण फक्त ऐकलं. धाकटी भुंकत धावली, तुम्ही काठी टाकून तिच्यामागं. परत आलात तेव्हा थोरला तुमच्या खांद्यावर होता, कोकरू आणावं तसा. कान फाटलेला, मान रक्तानं भरलेली.

तो वाचला. पण तुम्ही आईला म्हणालात, "बक्कल नीट बसलं नसंल. माजा हात आता आंधळा झाला." मी तिथंच होते, हळद कालवत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पडलेला पट्टा शोधायला रानात गेलात. तिसऱ्या दिवशीही. मला राहवेना, म्हणून चौथ्या पहाटे मी तो बाभळीच्या बुडाशी ठेवला आणि हाक मारली. तुम्ही उचललात, त्यावरून अंगठा फिरवलात. भोवतीचं गवत दंवानं ओलं होतं आणि पट्टा कोरडा. "बरं झालं, घावला," एवढंच म्हणालात. संध्याकाळी त्याला आतून जुन्या घोंगडीची पट्टी शिवलीत, आपल्याच मेंढरांच्या लोकरीची. थोरल्याची मान पुन्हा सोलली नाही. मला त्या दिवशी पट्टीच का सुचली नाही?

तुम्हाला कळलं होतं, असं मी तेव्हापासून मानत आले. तसं मानलं की सांगायचं काही उरत नाही. पण मग त्यानंतर मी घरी असले की रोज उंबऱ्याशी मला का विचारायचात, "बाय, बघ गं, बसलंय का बक्कल?" खरंच हातावरचा भरवसा गेला होता, की मला बोलायला जागा करून देत होतात? पहिलं असेल तर तो भरवसा मी घालवला. तुम्ही गेलात त्या हिवाळ्यापर्यंत विचारत राहिलात, आप्पा. आणि मी दर वेळी वाकून बघायची, बक्कल ओढून बघायची, आणि "बसलंय" एवढंच म्हणायची.