मोकळ्या जागेवरच्या चुली

राजूर, ४ नोव्हेंबर १९५९
सकाळची पाळी. दिवाखोलीत खाणीचे दिवे पुसले, काचा तपासल्या. घरी आलो तर जमनी पुन्हा शेजाऱ्याच्या दाराशी उभी. सगळी दारे सारखी. सात वर्षांची माझी बहीण, दारव्ह्याकडच्या तांड्यात अंधारातही घर चुकत नव्हती. तिथे दिवसभर 'भिया, भिया' करत माझ्या मागे असायची; इथे खाणीच्या चाळीत आल्यापासून बोलणे कमी होत होत आता नुसती मान हलवते.

९ नोव्हें.
इथे प्रत्येक दारासमोर पुढच्या लाइनीची, म्हणजे घरांच्या रांगेची, मागची भिंत. तांड्यात दारे एकमेकांकडे, चुली बाहेर. आमची आई, याडी, म्हणाली, "भाकर टाकता टाकता पोरगी दिसे रे. इथं भित दिसते." तांड्यातून आमच्याबरोबर आलेल्या गंगीकाकूचा मुलगा झोपेत ओरडतो. बाकीची पोरेही उंबऱ्यात बसून भिंतीकडे...

१५ नोव्हें.
जमनी दुपारपासून दिसेना. शेवटच्या लाइनीमागे, जुन्या बंद खाणीवरच्या मोकळ्या जागेत सापडली. तांड्यातली सगळी पोरे गोल बसलेली, प्रत्येकाने पुढे तीन दगडांची चूल मांडलेली. जमनी बोलत होती! मला पाहताच गप्प.
ओव्हरसीअरला सांगितले. "जाऊ देऊ नका तिथं. खाली पोकळ आहे."

१६ नोव्हें.
याडीने भलतेच धरले. "मंग आपनच तिथं चुली मांडू." मी पोकळ जमिनीचे सांगितले. वडील, बापू, म्हणाले, "मी रोज खालीच असतो ना? कोळसा काढून रेती भरली असंन." असंन, म्हणाले.

२२ नोव्हें.
तांड्याची सगळी घरे संध्याकाळी, ओव्हरसीअर गेल्यावर, तिथेच रांधतात. जमनी हसली. मी जमीन पायाने ठोकून पाहत होतो, तर गंगीकाकू तिला म्हणते, "तुह्या भियाच्या डोयात दिव्याची काजळी गेली वं, त्याले सगळं काळंच दिसते." सगळे हसले. जमनी सर्वांत मोठ्याने.

३० नोव्हें.
आमची चूल कलली. खाली दगडाची चीप देऊन सरळ केली. आज पुन्हा कलली. पलीकडे जमिनीला भेग, बोट जाईल एवढी. आतून ऊन वाफ येते. बापूंना बोट घालायला लावले. बोट धोतराला पुसत राहिले. मग, "पोरगी बोलून राह्यली. थोडे दिवस जाऊ दे."
माझ्याकडे पाहून बोलले नाहीत.

३ डिसें.
भेग वाढली. आता मूठ जाते. ओव्हरसीअरला सांगितले तर उद्याच तारेचे कुंपण पडेल आणि पोरे परत भिंतीसमोर. न सांगितले तर...
जेवताना जमनीने हात धरला. "भिया, उद्या माही चूल इथं मांडू? तुह्याजवळ?" बोट ठेवले ते भेगेच्या अगदी अलीकडे.
उद्या स. पाळी. ओव्हरसीअर दिवाखोलीवरूनच जातो. सांगायचे तर तेव्हाच.
मांड, म्हटले.